पोटनिवडणूक लागली तर: रिकाम्या जागेपासून निकालापर्यंतचा तारखांचा हिशेब

आमदार गेले किंवा त्यांनी राजीनामा दिला की दहावं-तेरावं उरकायच्या आतच पारावर एकच विषय सुरू होतो: तिकीट कोणाला? घरातल्याच माणसाला देणार, की बाहेरचा आणणार, की समोरचे बिनविरोध सोडणार? ही चर्चा रंगते खूप, पण तिचा मतदाराला उपयोग शून्य. यादीत नाव आहे का, अर्ज कधीपर्यंत भरायचा, सुट्टी मिळेल का, हे प्रश्न मात्र घोषणा झाल्यावर सुचतात आणि तोवर निम्म्या मुदती उलटून गेलेल्या असतात. सार्वत्रिक निवडणुकीची चाहूल वर्षभर आधी लागते. पोटनिवडणूक घोषणेपासून निकालापर्यंत साधारण सहा आठवड्यांत आटोपते. त्यामुळे आधी कॅलेंडर घ्या, मग पार.

हा लेख महाराष्ट्रातल्या विधानसभेच्या जागेपुरता आहे. लोकसभेचे नियम बरेचसे असेच आहेत. जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत यांच्या पोटनिवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा कारभार.

जागा कोणत्या तारखेला रिकामी झाली?

पुढचं सगळं या एका तारखेवर चालतं. निधन झालं असेल तर प्रश्न नाही, तीच तारीख. राजीनाम्यात मात्र लोक हमखास फसतात. पत्रकार परिषदेत कागद फडकवला, समाजमाध्यमांवर टाकला, पक्षाध्यक्षांच्या हातात दिला, यातल्या कशानेही जागा रिकामी होत नाही. राज्यघटनेच्या कलम १९० प्रमाणे राजीनामा विधानसभा अध्यक्षांच्या नावे लेखी द्यावा लागतो आणि त्यांनी तो स्वीकारावा लागतो. १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीनंतर तर राजीनामा स्वखुशीने आणि खरोखर दिलेला नाही असं वाटलं, तर अध्यक्ष तो नाकारूही शकतात. म्हणून तारीख धरायची ती स्वीकृतीची.

बाकीची कारणं थोडक्यात. दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झाली तर अपात्रता लगेच लागू होते. पूर्वी अपील केलं की खुर्ची वाचायची, ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून टाकली. पक्षांतराच्या प्रकरणात राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली अध्यक्षांचा निर्णय यावा लागतो आणि तो कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही. एकाच माणसाने दोन जागा जिंकल्या तर एक सोडावी लागते. आमदार खासदार झाला तर चौदा दिवसांत आमदारकी सोडावी लागते, नाहीतर खासदारकीच जाते.

जागा रिकामी झाल्याची अधिसूचना विधानमंडळ सचिवालय काढतं. ती हाती लागली तर जपून ठेवा, पुढे वाद झाला तर पहिला कागद तोच.

सहा महिने, आणि त्यातल्या दोन पळवाटा

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १५१-अ सांगतं की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायलाच हवी. मात्र दोन अपवाद आहेत. त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर निवडणूक घेण्याचं बंधन नाही. आणि सहा महिन्यांत निवडणूक घेणं अवघड आहे असं केंद्रीय निवडणूक आयोगाने (पुढे नुसतं ‘आयोग’) केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं, तरीही नाही.

कागदावर सोपं दिसतं, पण आपल्याकडे याच दोन वाक्यांवरून लोक कोर्टात गेले आहेत. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं निधन २९ मार्च २०२३ ला झालं. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षापेक्षा जास्त काळ शिल्लक. तरी निवडणूक झाली नाही, आयोगाने अडचणीचं प्रमाणपत्र पुढे केलं. एका पुणेकर मतदाराच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ते प्रमाणपत्र रद्द करून तातडीने निवडणूक घ्या असं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि पुणे थेट सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिलं. बाळू धानोरकर यांच्या निधनानंतर चंद्रपूरचंही तसंच झालं.

अकोला पश्चिमचं नेमकं उलट. तिथले आमदार गोवर्धन शर्मा यांचं निधन नोव्हेंबर २०२३ मध्ये झालं आणि २६ एप्रिल २०२४ ला मतदान जाहीर झालं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्चअखेर ती निवडणूक रद्द केली, कारण निवडून येणाऱ्याला वर्षसुद्धा मिळणार नव्हतं. तोवर तयारीला लागलेल्यांचे पैसे आणि पायपीट दोन्ही वाया.

म्हणून एका कागदावर तीन गोष्टी लिहा. जागा रिकामी झाल्याची तारीख आणि तिच्यापुढचे सहा महिने. सभागृहाची मुदत संपण्याची तारीख; आत्ताच्या विधानसभेची पहिली बैठक डिसेंबर २०२४ मध्ये झाली, म्हणजे मुदत डिसेंबर २०२९ पर्यंत. आणि तिसरी, जी कोणी बघत नाही: त्या जागेच्या आधीच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात निवडणूक याचिका पडून आहे का? उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या, पण मिल्कीपूर अशाच याचिकेमुळे मागे राहिलं आणि तिथलं मतदान ५ फेब्रुवारी २०२५ ला झालं. या तिन्हींत काही अडत नसेल तर निवडणूक येणार असं धरून चाला.

घोषणेची वाट न बघता मतदार यादी उघडा

सगळ्या लेखातून एकच काम करायचं असेल तर हे करा. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी यादी गोठते, त्यानंतर एकही नाव आत जात नाही की बाहेर येत नाही. त्यातच नाव नोंदवायच्या नवीन अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. याचा अर्थ उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी तुमचा अर्ज गेलेला हवा. निवडणुकीची अधिसूचना आणि उमेदवारी अर्जाचा शेवटचा दिवस यांच्यात सातच दिवस असतात, तेव्हा अधिसूचनेनंतर जागे झालात तर उशीरच झाला.

नवीन नावासाठी नमुना ६. पत्ता बदलला असेल, एका मतदारसंघातून दुसऱ्यात आला असाल किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. मयत किंवा दुबार नाव काढायला नमुना ७. हे अर्ज आयोगाच्या अ‍ॅपवरून भरता येतात, नाहीतर तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्या. वयाचा हिशेब आता वर्षातून चार तारखांना होतो: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. गेल्या निवडणुकीत सोळा-सतराचं असलेलं पोर आता मतदार असू शकतं, घरात विचारून बघा. शंका असेल तर १९५० वर फोन लावा.

मतदानापुरतं नाव इकडे आणायचा उद्योग मात्र करू नका. अर्जात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे आणि पोटनिवडणुकीत दोन्ही बाजूंची माणसं यादीकडे डोळ्यांत तेल घालून बघत असतात.

घोषणा आणि आचारसंहिता

आयोगाने तारखा जाहीर केल्या त्या क्षणापासून आचारसंहिता लागते. पोटनिवडणुकीत ती किती भागात, यावर दरवेळी गोंधळ होतो. साधारण नियम असा की मतदारसंघ ज्या जिल्ह्यात आहे तो सगळा जिल्हा तिच्याखाली येतो. मतदारसंघ महानगर किंवा महापालिका हद्दीत असेल तर फक्त त्या मतदारसंघापुरती. तुमच्या बाबतीत नेमकं काय, ते घोषणेच्या पत्रकात लिहिलेलं असतं. सुरू असलेली कामं थांबत नाहीत. नवीन कामाचं भूमिपूजन, नवीन निधीची घोषणा, सरकारी दौरा आणि प्रचारसभा एकाच गाडीत, हे चालत नाही. उल्लंघन दिसलं तर सी-व्हिजिल अ‍ॅपवर तिथल्या तिथे फोटो किंवा व्हिडिओ काढून टाका. तक्रारीचा निकाल १०० मिनिटांत लावायचा, असा तिथला दंडक आहे.

तारखा जाहीर झाल्या तरी हलू शकतात. कसबा पेठ आणि चिंचवडचं मतदान आधी २७ फेब्रुवारी २०२३ ला ठेवलं होतं. बारावीच्या परीक्षेशी गाठ पडली म्हणून ते २६ तारखेला, रविवारी घेतलं. गाडीचं आरक्षण करताना हे ध्यानात असू द्या.

कसब्याचंच वेळापत्रक नमुना म्हणून बघा. १८ जानेवारीला घोषणा, ३१ जानेवारीला अधिसूचना, ७ फेब्रुवारी अर्जाचा शेवटचा दिवस, ८ ला छाननी, १० ला माघार, २६ ला मतदान, २ मार्चला निकाल. यातले टप्पे कायद्याने बांधलेले आहेत: अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार आणि माघारीनंतर मतदानापर्यंत किमान चौदा दिवस. अधिसूचनेची तारीख कळली की बाकीच्या बोटांवर मोजता येतात. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवसावर जाते.

उभं राहायचं असेल तर

वय २५ पूर्ण हवं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर त्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. ती आणायला एक अख्खा दिवस जातो, म्हणून पहिल्याच दिवशी माणूस पाठवा.

अर्ज नमुना २-ब मध्ये, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून सही करणारा) पुरतो, बाकी सगळ्यांना दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. अपक्षांनी दहा सूचकांची नावं यादीतल्या भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासकट स्वतः तपासावीत. सही करणारा शेजारच्या मतदारसंघाचा निघाला की त्याची सही वाया जाते आणि दहाचे नऊ होतात. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. ही सोय वापरा, वेगवेगळे सूचक घेऊन निदान दोन भरा.

अनामत रक्कम १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना ५ हजार. रोख द्या किंवा कोषागारात भरल्याचं चलन जोडा, चेक घेत नाहीत. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं.

आता ज्या तीन जागी अर्ज बाद होतात त्या. पहिली, नमुना २६ चं शपथपत्र. त्यात एकही रकाना कोरा ठेवू नका. गुन्हा नाही, कर्ज नाही, जमीन नाही, तर तसं स्पष्ट लिहा. नुसती आडवी रेघही मारू नका. दुसरी, राज्यघटनेशी निष्ठेची शपथ; ही शपथपत्राहून वेगळी. अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत शपथ घ्यावी लागते. शेवटच्या दिवशी मिरवणुकीने अर्ज भरायला आलेले लोक गुलाल उधळत निघून जातात आणि शपथ राहते. निवडणूक निर्णय अधिकारी काय काय दिलं याची तपासणी यादी सही करून देतात. ती हातात पडल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नये. तिसरी, एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेले अ आणि ब नमुने. पक्षाचे हे दोन्ही कागद शाईच्या सहीचे, शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचले पाहिजेत. मोबाइलवर आलेला फोटो चालत नाही. साडेतीनला पोचलेल्या एबी फॉर्मला रद्दीची किंमत.

सरकारी, निमसरकारी नोकरी असेल तर चौथी जागाही आहे. अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत उमेदवार ऋतुजा लटके महापालिकेच्या कर्मचारी होत्या आणि त्यांचा राजीनामा मंजूर होईना. १३ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने तो स्वीकारण्याचा आदेश दिला, आणि अर्जाची मुदत १४ ला संपत होती. सगळ्यांना एवढ्या वेगाने कोर्ट मिळत नाही. राजीनामा दिल्याची नव्हे, मंजुरीची प्रत हवी, आणि ती छाननीच्या आत.

माघार लेखी द्यायची, शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत. एकदा घेतली की परत घेता येत नाही. अंधेरीत भाजपचे उमेदवार मुरजी पटेल यांनी शेवटच्या दिवशी माघार घेतली, तरी अपक्ष आणि छोट्या पक्षांचे उमेदवार उरल्याने मतदान घ्यावंच लागलं. मोठ्या पक्षांनी ठरवलं म्हणून निवडणूक बिनविरोध होत नाही. एक उमेदवार जरी अडून बसला तरी यंत्रं मांडावी लागतात.

प्रचार आणि खर्च

विधानसभेसाठी महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा. रोजची नोंद रोज करा, कारण खर्च निरीक्षक मधल्या काळात वही मागवतात आणि त्यांच्याकडे तुमच्या सभांचं चित्रीकरण असतं. खुर्च्या किती, फलक किती, हे ते मोजून बसलेले असतात. उमेदवारावर गुन्हे दाखल असतील तर ते वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा जाहीर करावे लागतात.

पोटनिवडणुकीत एका मतदारसंघात सगळ्या राज्याचे नेते येऊन पडतात. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचार थांबला की मतदारसंघाचे मतदार नसलेल्या राजकीय मंडळींनी हद्द सोडायची असते. लॉजमध्ये मुक्काम लांबलेला दिसला तर तक्रार करा, पोलीस तपासतात.

मतदानाचा दिवस

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरी बसून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ही मुदत इतकी लहान आहे की आजोबांचा फॉर्म घोषणेच्या दिवशीच भरून ठेवलेला बरा.

सुट्टीचं लोकांना माहीत नसतं. कलम १३५-ब प्रमाणे मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते, खाजगी कंपनीत आणि रोजंदारीवरसुद्धा. तुम्ही काम करता त्या शहरात निवडणूक नसली, पण तुमचं मत पोटनिवडणुकीच्या मतदारसंघात असलं, तरी ती लागू आहे. कार्यालयाला यादीतल्या नावाची प्रत जोडून चार दिवस आधी लेखी कळवा. तोंडी सांगितलं की ‘आपल्याकडे कुठे इलेक्शन आहे?’ हे उत्तर ठरलेलं.

मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा टपाल पासबुक, मनरेगा जॉबकार्ड यांपैकी एक न्या. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर भांडून परत फिरू नका, केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळी मिळणारी कागदी मतपत्रिका, मागा. तो तुमचा हक्क आहे. यंत्र बंद पडलं तर वेळेची नोंद ठेवा. भंडारा-गोंदियात मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत यंत्रांच्या तक्रारींनंतर ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं होतं. फेरमतदानात शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात.

पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी, म्हणून बसणार असाल तर मतदानाच्या दीड तास आधी पोचा, यंत्र तपासायचं अभिरूप मतदान तेव्हा होतं. आणि संध्याकाळी नमुना १७-क ची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. त्या केंद्रावर किती मतं पडली याचा तो सहीचा कागद आहे. मोजणीच्या टेबलावर आकडा जुळवायला दुसरं काही हाताशी नसतं.

पोटनिवडणुकीत गर्दी कमी असते, म्हणून एकेका मताचं वजन वाढतं. अंधेरी पूर्वला ३२ टक्केही मतदान झालं नव्हतं. पंढरपूर-मंगळवेढा २०२१ मध्ये ३,७३३ मतांनी फिरलं. नांदेडला नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेचं मतदान एकाच दिवशी, एकाच खोलीत, दोन यंत्रांवर झालं. लोकसभा काँग्रेसने १,४५७ मतांनी राखली आणि तिच्यातल्या विधानसभेच्या सगळ्या जागा महायुतीकडे गेल्या. असा दिवस आला तर कोणतं यंत्र कशाचं, हे आत जाण्याआधी विचारून घ्या.

‘नोटा’बद्दल, म्हणजे ‘वरीलपैकी कोणी नाही’ या बटणाबद्दल, एक गैरसमज आहे. अंधेरीत नोटाला १२,८०६ मतं पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर होती. ती पहिली आली असती तरी विधानसभेत नोटाखालोखाल मतं मिळवणारा उमेदवारच विजयी ठरतो. नोटा पहिली आली तर फेरनिवडणूक, हा नियम राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी केला, विधानसभेला तो लागू नाही.

निकालानंतर

निवडून आलेल्याला पूर्ण पाच वर्षं मिळत नाहीत, सभागृहाची उरलेली मुदतच मिळते. खर्चाचा अंतिम हिशेब निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, हरलेल्यांनीसुद्धा. पराभवानंतर कार्यालयाचं शटर खाली ओढून गायब झालेल्या अपक्षांना हे आठवत नाही आणि पुढे आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निकालाला आव्हान द्यायचं तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची, आणि ती उमेदवारच नव्हे, त्या मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो. त्यासाठी लागणारे कागद, म्हणजे छाननीच्या दिवशीचे आक्षेप, १७-क च्या प्रती, फेरीनिहाय आकडे, हे निकालाच्या संध्याकाळीच एका पिशवीत घालून ठेवा.